वाचकांचे प्रश्न : परदेशी जाणारे विमान निवडताना

लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी कोणती विमान कंपनी चांगली, असा प्रश्न विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. कंपनीचे नाव हा निवडीतील शेवटचा मुद्दा आहे, असे माझे ठाम मत आहे. प्रवास कोण करणार, विमान कुठे बदलणार, तिकीट एक की दोन आणि त्या तिकिटाच्या अटी कोणत्या, हे आधी ठरले की योग्य कंपन्या दोन-तीनच उरतात.

माझे वय ६९ व पत्नीचे ६५ आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी मुंबईहून शिकागोला जायचे आहे. पत्नीचे गुडघे दुखतात आणि आम्हा दोघांनाही इंग्रजी बोलण्याची सवय नाही. जावई आखाती कंपनीचे तिकीट काढा म्हणतात, मुलगा युरोपमार्गे जा म्हणतो. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सातारा

आखातातून गेल्यास या प्रवासाचे दोन अगदी असमान तुकडे पडतात. मुंबईहून दुबई, दोहा किंवा अबुधाबी हा टप्पा तीन-साडेतीन तासांचा असतो आणि तिथून शिकागोपर्यंत सलग चौदा-पंधरा तास बसावे लागते. फ्रँकफर्टमार्गे गेल्यास दोन्ही टप्पे साधारण नऊ-साडेनऊ तासांचे होतात आणि मध्ये पाय मोकळे करायला अवसर मिळतो. ज्यांचे गुडघे आखडतात त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. भाड्यात थोडी बचत होते म्हणून तो नजरेआड करू नये.

जावयांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. आखाती विमानतळांवर आणि तिकडे जाणाऱ्या विमानांत हिंदी बोलणारा कर्मचारी सहज भेटतो. शिवाय अबुधाबीची एक सोय विशेष उपयोगाची आहे. २०१४ पासून तिथे अमेरिकेच्या इमिग्रेशन व कस्टम्सची तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे बॅग घेऊन थेट बाहेर पडता येते. पंधरा तासांच्या प्रवासानंतर इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहणे ज्यांना झेपत नाही, त्यांनी हा पर्याय जरूर विचारात घ्यावा. मात्र ही तपासणी अबुधाबीतच उरकायची असल्यामुळे तिथला थांबा निदान तीन तासांचा असावा.

आपल्या बाबतीत मी फ्रँकफर्टच्या बाजूने कौल देईन, कारण भाषेची अडचण व्हीलचेअरमुळे बरीचशी सुटते. गुडघ्यांची अडचण पंधरा तासांच्या सीटवर सुटत नाही. व्हीलचेअरसोबतचा मदतनीस प्रवाशाला सुरक्षा तपासणीतून पुढच्या विमानाच्या दारापर्यंत नेतो. ती मागताना नेमके काय हवे ते सांगावे लागते, कारण कंपन्यांकडे त्यासाठी तीन वेगवेगळे संकेत आहेत. लांब चालवत नाही पण विमानाच्या पायऱ्या चढता येतात अशा प्रवाशासाठी ‘डब्ल्यूसीएचआर’, पायऱ्याही चढता येत नाहीत पण विमानात सीटपर्यंत चालता येते अशांसाठी ‘डब्ल्यूसीएचएस’ आणि अजिबात चालता येत नसल्यास ‘डब्ल्यूसीएचसी’ असा संकेत नोंदवतात. पत्नीच्या नावापुढे यांपैकी योग्य संकेत दोन्ही टप्प्यांवर आणि परतीच्या प्रवासातही नोंदला आहे, याची कंपनीला फोन करून खात्री करून घ्यावी.

आपल्यालाही फार चालवत नसेल तर संकोच न करता दुसरी व्हीलचेअर आताच मागावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेले एक वृद्ध जोडपे उतरले, तेव्हा दोघांसाठी मिळून एकच व्हीलचेअर उपलब्ध झाली. पत्नीला तीत बसवून हे गृहस्थ चालत निघाले, वाटेत कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या प्रकरणी संबंधित कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड केला. खुर्ची येईपर्यंत जागेवरच थांबण्याचा प्रवाशाला पूर्ण हक्क आहे. सोबतचे सर्व प्रवासी निघून गेले तरी चालायला लागू नये, हे मी प्रत्येक ज्येष्ठ वाचकाला आग्रहाने सांगतो. व्हीलचेअरचा प्रवासी विमानातून सर्वांत शेवटी उतरतो, म्हणून दोन तासांपेक्षा कमी थांब्याचे तिकीट आपण घेऊ नये. अडीच ते चार तास योग्य ठरतील.

आपल्याकडे वैध अमेरिकी व्हिसा असल्यामुळे फ्रँकफर्ट विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्यासाठी वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागणार नाही.

तारखांचा मुद्दा आपण पत्रात मांडलेला नाही, पण तो सर्वांत खर्चाचा ठरू शकतो. बाळंतपण ठरलेल्या दिवशी होत नाही, आणि आजी-आजोबांचा मुक्काम तर हमखास वाढतो. त्यामुळे एकाच विमानाच्या तिकिटांतील सर्वांत स्वस्त प्रकार आपल्या उपयोगाचा नाही, कारण त्यात तारीख बदलण्याचे शुल्क जबर असते किंवा ती मुभाच नसते, आणि चेक-इन बॅगही कमी मिळतात. अमेरिकेच्या प्रवासात सहसा २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, पण हल्ली स्वस्त प्रकारात एकच बॅग देणाऱ्या कंपन्या वाढल्या आहेत. भाड्याची तुलना करताना तारखेतील बदल आणि दोन बॅगा धरूनच करावी. अमेरिकेला जाण्या-येण्याच्या तिकिटांबाबत तिथल्या सरकारचा एक नियमही आपल्या कामी येईल. प्रवासाच्या किमान सात दिवस आधी थेट कंपनीकडून तिकीट घेतले, तर कंपनीला एकतर ते पैसे न घेता २४ तास राखून ठेवावे लागते किंवा २४ तासांत विनाशुल्क रद्द करू द्यावे लागते. नावातील किंवा तारखेतील चूक दुरुस्त करण्यासाठी हा एक दिवस पुरतो.

मुलगा पदव्युत्तर शिक्षणासाठी टोरंटोला चालला आहे. मुंबई–लंडन एका कंपनीचे आणि लंडन–टोरंटो दुसऱ्या कंपनीचे अशी दोन तिकिटे स्वतंत्रपणे घेतल्यास सुमारे १८ हजार रुपये वाचतात. मध्ये चार तास आहेत. घ्यावीत का?
— एक वाचक, नांदेड

घेऊ नयेत. दोन स्वतंत्र तिकिटे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एकमेकांशी संबंध नसलेले दोन प्रवास. पहिले विमान पाच तास उशिरा पोहोचले तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपला मुलगा विमानतळावर आलाच नाही, असे होते. त्याचे तिकीट वाया जाते, आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार तोही रद्द होतो. लंडनला आयत्या वेळी टोरंटोचे नवे तिकीट घ्यावे लागले, तर वाचलेल्या १८ हजारांच्या कितीतरी पट पैसे जातात. दुसरी अडचण सामानाची. स्वतंत्र तिकिटांवर मुंबईत दिलेली बॅग बहुधा लंडनपर्यंतच जाते. ती घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते, म्हणजे त्या देशात प्रवेशाची परवानगी लागते. दुसरे विमान गॅटविकहून असेल तर हीथ्रोहून शहराबाहेरच्या रस्त्याने तिथवर जाण्याचा वेळही त्याच चार तासांत बसवावा लागेल.

एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असले की पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तरी प्रवाशाला शेवटच्या ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. २३ जून २०२५ रोजी कतारने आपली हवाई हद्द अचानक बंद केली आणि दोह्याला निघालेली विमाने वाटेतूनच दुसरीकडे वळवावी लागली. अशा दिवशी एका तिकिटाचा प्रवासी कंपनीच्या काउंटरसमोर हक्काने उभा राहू शकतो. दोन तिकिटांच्या प्रवाशाला तो हक्क निम्म्या वाटेपुरताच असतो.

तिकीट हातात आल्यावर ते नीट वाचण्याची सवय मुलाला लावावी. विमानाचा क्रमांक एका कंपनीचा असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत ते विमान प्रत्यक्षात चालवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचे नाव दिलेले असते. यालाच कोडशेअर म्हणतात. त्यात गैर काही नाही, परंतु सीट, जेवण आणि चेक-इनचा काउंटर विमान चालवणाऱ्या कंपनीचा असतो. मुंबईत बॅग दिल्यावर बोर्डिंग पासमागे चिकटवलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी संकेत असतो. टोरंटो पिअर्सनसाठी तो ‘वायवायझेड’ आहे. तिथे लंडनचा ‘एलएचआर’ एवढाच दिसला तर काउंटर सोडू नये, तिथेच विचारावे. अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी मात्र वेगळी सूचना आहे. अबुधाबीसारख्या ठिकाणी आधीच तपासणी झालेली नसेल, तर पट्टीवर शेवटच्या शहराचा संकेत असला तरी अमेरिकेतील पहिल्या विमानतळावर आपली बॅग पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन, बाहेरच्या पट्ट्यावर पुन्हा सोपवावी लागते. अनोळखी गर्दीत नवखे प्रवासी हे विसरतात आणि बॅग मागेच राहते.

तिकीट शक्यतो कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा आपल्या ओळखीच्या एजंटाकडून घ्यावे. नाव न ऐकलेल्या स्वस्त पोर्टलवरून घेतलेल्या तिकिटात बदल करायचा झाला की विमान कंपनी पोर्टलकडे बोट दाखवते आणि पोर्टलचा फोन लागत नाही. पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा कंपनी बंद पडल्यावर प्रवाशाचे पैसे किती अडकतात हे आपण सर्वांनी पाहिले. कार्डाने भरणा केलेला असल्यास निदान बँकेकडे दाद मागण्याचा मार्ग उरतो.

आम्ही ठाण्यात राहतो आणि न्यूयॉर्कला वारंवार जातो. थेट विमान घ्यावे की एक बदल असलेले?
— एक वाचक, ठाणे

प्रकृती ठणठणीत असेल आणि भाड्यातील फरक झेपत असेल तर थेट विमान घ्यावे. साधारण सोळा तास बसावे लागते, पण बॅग हरवण्याची आणि पुढचे विमान चुकण्याची शक्यता जवळपास संपते. मात्र तिकीट काढताना ते विमान खरोखरच न थांबता जाते का, ते पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केल्यावर पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांचे मार्ग लांबले. दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांवर त्याचा भार अधिक पडला आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरावे लागले. विदर्भातील वाचकांना मात्र मुंबई-दिल्लीपर्यंत येण्याचा खर्च आणि दगदग धरून हिशेब करावा लागेल. नागपूरहून दोह्याला विमान जाते, आणि एका बदलात युरोप-अमेरिका गाठण्याची ती सोय त्यांना थेट विमानापेक्षा सुखाची वाटू शकते.

मी सहा फूट उंच आहे. कंपनीपेक्षा विमानाचा प्रकार पाहावा असे कुणी सांगितले. खरे आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

बऱ्याच अंशी खरे आहे. इकॉनॉमी वर्गात दोन रांगांमधील अंतर बहुतेक कंपन्यांत ३१ ते ३२ इंच असते. तिथे उन्नीस-बीसचाच फरक पडतो. सीटची रुंदी मात्र विमानानुसार बदलते. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी एका रांगेत नऊ सीट असत. आता बहुतेक कंपन्यांनी तिथे दहा बसवल्या आहेत आणि सीट साधारण १७ इंचांची झाली आहे. एअरबस ए३५० मध्ये सहसा नऊच सीट असल्याने ती १८ इंचांच्या आसपास मिळते. ऐकताना एक इंच क्षुल्लक वाटतो, पण शेजारच्या प्रवाशाच्या खांद्याला खांदा लावून चौदा तास काढल्यावर त्याची किंमत कळते. नवरा-बायको दोघेच जात असतील तर एअरबस ए३३० चांगले, कारण त्यात खिडकीकडे दोनच सीट असतात आणि तिसऱ्याला उठवावे लागत नाही.

बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत आतील हवेचा दाब सुमारे ६ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका राखला जातो. जुन्या विमानांत तो ८ हजार फुटांपर्यंतच्या उंचीइतका विरळ असू शकतो. नव्या विमानांतील हवा तुलनेने कमी कोरडीही असते. डोके जड होणे, घसा सुकणे असा त्रास ज्यांना होतो त्यांनी दोन कंपन्यांचे भाडे सारखे असल्यास नवे विमान निवडावे. विमानाचा प्रकार तिकीट काढतानाच दिसतो, पण कंपनी तो आयत्या वेळी बदलू शकते, याची जाणीव ठेवावी.

आपल्या उंचीसाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते आपत्कालीन दाराजवळच्या रांगेवर किंवा निदान मधल्या वाटेलगतच्या आइल सीटवर करावेत. चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. मुळातला धोका लहान आहे, पण पूर्वी अशी गाठ झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबचे तिकीट काढू नये.

मुलाकडे म्युनिकला जाताना आमची बॅग चार दिवसांनी मिळाली आणि भरपाई मिळाली नाही. भरपाई देणारी कंपनी कशी निवडावी?
— एक वाचक, नाशिक

बॅगेचा कायदा कंपनीनुसार बदलत नाही. १९९९ च्या माँट्रियल कराराला भारत २००९ पासून बांधील आहे. त्यानुसार उशिरा मिळालेल्या बॅगेची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोडीची तक्रार ७ दिवसांत करावी लागते. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वीच सामानाच्या काउंटरवर नोंद करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि दरम्यान घ्याव्या लागलेल्या कपड्यांच्या व औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक आहे. ही मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. नुकसान दाखवल्याशिवाय काही मिळत नाही. आपले २१ दिवस उलटले नसतील तर आजच लिहावे. दागिने, रोख रक्कम आणि रोजची औषधे चेक-इन बॅगेत ठेवूच नयेत. इन्सुलिन तर हातातल्या बॅगेतच हवे, कारण खालच्या कक्षात ते गोठून निकामी होऊ शकते.

विमानाच्या उशिराबाबत मात्र कंपनीची निवड फरक पाडते. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमानुसार साडेतीन हजार किलोमीटरहून लांबच्या प्रवासात कंपनीच्या दोषामुळे मुक्कामी तीन तास किंवा त्याहून उशिरा पोहोचल्यास ६०० युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. हवामान, हवाई हद्द बंद होणे अशा कारणांना हा नियम लागू नाही. म्युनिकहून निघताना तो प्रत्येक कंपनीला लागू होतो. मुंबईहून म्युनिकला जाताना मात्र युरोपीय कंपनीच्याच विमानाला लागू होतो, आखाती कंपनीच्या नाही. आपल्यासारख्या युरोपला जाणाऱ्या वाचकांनी हा मुद्दा निवडीत जरूर धरावा. युरोपमध्ये फक्त विमान बदलून अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला तो हक्क मिळत नाही, कारण दोन्ही टोके युरोपीय संघाबाहेरची असलेल्या प्रवासाला हा नियम लागू होत नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने दिलेला आहे.

अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर आईला विमानात बसायची भीती वाटते. सुरक्षित कंपनी कशी ओळखावी?
— एक वाचक, पुणे

आईंची भीती समजण्यासारखी आहे. १२ जून २०२५ च्या त्या दुर्घटनेत विमानातील २४२ पैकी २४१ जण गेले आणि जमिनीवरील लोकांनाही प्राण गमवावे लागले. बोइंग ७८७ प्रवासी सेवेत २०११ मध्ये आले, आणि त्याची जीवितहानी झालेली ही पहिलीच दुर्घटना. जुलै २०२५ मधील प्राथमिक अहवालात उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा तुटल्याची नोंद आहे. त्या टप्प्यावर विमानाच्या किंवा इंजिनाच्या निर्मात्यांसाठी कोणतीही कृती सुचवलेली नव्हती. एवढ्यावरून ते विमान किंवा ती कंपनी कायमची वर्ज्य ठरवणे मला योग्य वाटत नाही.

सर्वसामान्य प्रवाशाला दोन गोष्टी तपासता येतात. विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची सुरक्षा तपासणी, म्हणजे ‘आयोसा’, पूर्ण केलेल्या कंपन्यांची नोंद खुली असते. आणि युरोपीय संघ आपल्या हवाई हद्दीत बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी जाहीर करतो. महाराष्ट्रातून युरोप-अमेरिकेला जाताना आपण ज्या मोठ्या कंपन्यांचा विचार करतो त्या या चाळणीतून पार पडलेल्या आहेत. याहून बारीक क्रमवारी लावून त्यावर आईंचा प्रवास ठरवू नये. त्यांना दिवसाचे विमान आणि शेजारी घरचे माणूस मिळेल असे तिकीट मिळाले, तर भीतीवर त्याचा अधिक उपयोग होईल.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. गेल्या वेळी ‘हिंदू मील’ मागितले आणि ताटात कोंबडी आली. कोणत्या कंपनीत जेवणाची खात्री असते?
— एक वाचक, सांगली

चूक कंपनीची नसून निवडलेल्या संकेताची असावी. विमान कंपन्यांच्या यादीतील ‘हिंदू मील’, म्हणजे ‘एचएनएमएल’, हे गोमांस वगळलेले मांसाहारी जेवण असते. आपल्याला ‘एव्हीएमएल’ हवे, म्हणजे भारतीय पद्धतीचे शाकाहारी जेवण. कांदा-लसूण आणि कंदमुळे चालत नसतील तर ‘व्हीजेएमएल’ हे जैन जेवण मागावे. ‘व्हीएलएमएल’ या संकेताच्या शाकाहारी जेवणात मात्र अंडे असू शकते. ही मागणी बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या किमान २४ तास आधी मागतात, काही त्याहूनही आधी. तिकिटावर चार टप्पे असतील तर संकेत चारही टप्प्यांपुढे दिसला पाहिजे, विशेषतः जिथे विमान कोडशेअरमुळे दुसऱ्या कंपनीचे आहे तिथे, कारण एका कंपनीकडे केलेली नोंद दुसरीकडे पोहोचतेच असे नाही. परतीच्या प्रवासाआधी विमान चालवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिचा स्वतःचा पीएनआर टाकून ती पुन्हा एकदा तपासावी.